पाचर

कंपनीच्या बसला अजून थोडा वेळ होता आणि दीक्षा ओट्याशी उभ्याउभ्याच चहात खारी बुडवत होती, तेवढ्यात कोंडीरामनं आपला मोबाइल तिच्यापुढं धरला आणि म्हणाला, "दीक्षे, हे जरा बघ गं. पुढंच सरकंना गेलंय." वडिलांच्या मोबाइलवर सकाळी सकाळी काय असायचं ते तिला पाठ होतं, उगवत्या सूर्यासकट जय भीम, नाहीतर गॅसच्या नंबराचा मेसेज. तिनं घाईत नजर टाकली आणि खारी कपातच तुटून बुडाली. पडद्यावर तिचं स्वतःचं चित्र होतं. वर प्रेस मशीनचा करडा, जाड माथा, खाली दोन कोपऱ्यांत दोन गोल हिरवी बटणं, आणि मधे तिच्याच वळणाच्या अक्षरात, 'दोन्ही अंगठे एकदम दाबा.' "कुणी पाठवलं हे?" तिनं विचारलं, आणि आपला आवाज तिला उगाचच मोठा वाटला. "आपल्या जुन्या शिफ्टच्या ग्रुपवर आलंय. दौलतरावानं टाकलंय. तो म्हनतो, कुणीतरी आपलं प्रेसशॉपच काढलंय, डिट्टो. डबा, कॅन्टीन, सगळं. आन् शेवटी माणूस घरी येतो म्हनं, लई भारी हाय." कोंडीरामनं डाव्या अंगठ्यानं डावं बटण दाबून दाखवलं. काहीच झालं नाही. होणारही नव्हतं. त्याचा उजवा हात नेहमीसारखा पँटच्या खिशात होता. "तुमचा मोबाइल जुना झालाय, पप्पा," दीक्षा म्हणाली, "संध्याकाळी आल्यावर बघते," आणि उरलेला चहा मोरीत ओतून, पर्स खांद्याला लावून ती जिना उतरली. बस यायला अजून वेळ होता.

मोशीच्या थांब्यासमोरून चाकणच्या मार्केटाकडं जाणारे कांद्याचे ट्रक एकामागून एक चालले होते आणि त्यांच्या मागं सुकी टरफलं उडत होती. कुणी आपल्याकडं बघत नाही ना, हे दीक्षानं दोनदा पाहिलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तसं पाहिलं तर तिनं चोरी केली नव्हती. तिनं मोबाइलवर वाचायची एक चित्रकथा केली होती, 'ठोका' नावाची, आणि ती डी. के. या नावानं इंटरनेटवर टाकली होती. प्रेसशॉपमध्ये मशीन पत्र्यावर आदळतं त्याला ठोका म्हणतात. त्या मशीनला दोन बटणं असतात, एकमेकांपासून मुद्दाम लांब ठेवलेली, म्हणजे ठोका पडताना कामगाराचे दोन्ही हात बटणांवर राहावेत, मशीनखाली जाऊ नयेत. दीक्षाच्या चित्रकथेलाही पानं नव्हती, ही दोन बटणंच होती. दोन्ही अंगठे एका वेळी टेकवले की ठोका पडायचा, हातातला मोबाइल थरथरायचा आणि मशीनखालून ठोकलेला पत्रा निघावा तसं पुढचं चित्र खाली घसरायचं. अंगठे उचलायचे, परत दाबायचे, पुढचं चित्र. जो न चुकता असं करत जाईल त्याला एका माणसाची एक शिफ्ट दिसायची. तो घरातून निघतो, ठोके मारतो, डबा खातो, बस धरतो, घरी येतो. शेवटच्या चित्रात दार उघडतं आणि त्याची पोरगी पळत बाहेर येते. दोन्ही अंगठे जोवर दाबलेले आहेत तोवरच ते दार उघडं राहतं. पण माणूस कसला सरळ चालतोय! थोड्या ठोक्यांनी त्याला कंटाळा येतो, एक अंगठा तसाच टेकवून ठेवावा आणि दुसऱ्यानंच काम भागवावं असं वाटू लागतं. शॉपमधल्या माणसांनाही तसंच वाटायचं. ते एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवायचे, म्हणजे एक हात मोकळा आणि काम भराभर. दीक्षाच्या चित्रकथेला ही पाचर ओळखता यायची. एक अंगठा उचलला आणि दुसरा जास्त वेळ तसाच राहिला की मोबाइल हातात उडायचा, पडदा लाल व्हायचा आणि एकच चित्र यायचं, एका हाताचं. त्याखाली लिहिलेलं असायचं, 'बटणात पाचर आढळली. चूक ऑपरेटरची.' आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

लोकांना हे फार आवडलं होतं. आपण सापडलो, आपल्याच अंगठ्यानं सापडलो, याचं त्यांना मोठं कौतुक वाटत होतं. ऑफिसातली मैत्री नावाची मुलगी, जिनं दीक्षाला त्यातलं प्रोग्रॅमिंग शिकवलं होतं, ती तर जो भेटेल त्याला म्हणायची, "अरे, इथं मोबाइलच गोष्ट सांगतो! तू वाचत नाहीस, तू मशीन चालवतोस!" दीक्षा वरवर "चल, काहीतरीच" म्हणायची आणि मनात ते वाक्य पुन्हा पुन्हा चघळायची. आज बसमध्ये चढल्यावर तिला पहिल्यांदा माणसांचे अंगठे दिसले. निम्मी बस मोबाइलवर अंगठे चालवत होती. जाड, बारीक, ग्रीसनं नखं काळी झालेले, नेलपॉलिश अर्धं उडालेले. वाचणाऱ्याच्या हातांचा तिनं किती विचार केला होता! लहान हाताला बटणं पोचावीत, डावखुऱ्याची पंचाईत होऊ नये, मोबाइल मोठा असला तरी अंतर फार पडू नये. फक्त ज्याच्यावरून गोष्ट घेतली त्याला उजवा अंगठाच नाही, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. अंगठा नाही आणि त्याच्या शेजारची दोन बोटं नाहीत. उरलेली दोन आखडलेली, सरळ होत नाहीत. तो हात त्याला फार तर बटणावर ठेवता आला असता. वेळेवर उचलता, वेळेवर दाबता आला नसता. आणि नुसता ठेवलेला हात म्हणजे चित्रकथेच्या लेखी पाचर. म्हणजे ज्या माणसाची ही गोष्ट, त्यालाच ती सरळ कधी वाचता येणार नव्हती. त्याला दर वेळी तेच चित्र दिसणार होतं आणि त्याखाली तेच वाक्य. हे नीट ध्यानात आलं तेव्हा दीक्षाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं खिडकीची काच सरकवली. भोसरीचा धूर आत आला.

ते वाक्यसुद्धा तिचं नव्हतं. ती सहावीत असताना ते घरात आलं होतं. तेव्हा ते भोसरीला राहायचे, चाळीतल्या निळ्या दाराच्या खोलीत, आणि कोंडीराम चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये होता. पाचरी तिथं सगळेच वापरायचे. सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्येच त्या असायच्या, बाभळीच्या, बोटाएवढ्या. नवा माणूस आला की तोच एक काढून द्यायचा आणि "मोठे साहेब आले की तेवढी उपटायची" म्हणून बजावायचा. कोंडीरामचा हात गेला त्या दिवशी बाकीच्या सगळ्या मशीनमधल्या पाचरी पाण्यात मीठ विरघळावं तशा नाहीशा झाल्या. राहिली ती एक, त्याच्या मशीनमधली, कारण ती काढायला त्याला हातच उरला नव्हता. पुढं चौकशी झाली. भेटायला येणारे पाहुणे विचारायचे, काय निकाल लागला? आणि कोंडीराम पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून अगदी सपाट आवाजात सांगायचा, "चूक ऑपरेटरची निघाली." ऑपरेटर म्हणजे जणू दुसराच कुणी माणूस, गावाकडचा, लांबच्या नात्यातला. आई पदर तोंडाला लावून चहा टाकायला उठायची. दीक्षा कोपऱ्यात गृहपाठ करत ऐकायची. मग रिटायर होईपर्यंत त्याला कंपनीनं गेटवर बसवलं आणि ऑपरेटर हा शब्द घरातून गेला. इतक्या वर्षांनी चित्रकथा करताना तिला तो आयता सापडला होता. काय धारदार वाक्य आहे, असं तिला वाटलं होतं, आणि ते लाल पडद्यावर कुठं ठेवावं म्हणून तिनं एक अख्खा रविवार घालवला होता. ते कुणाला लागेल याचा विचार तिनं केला नव्हता; ते लागावं एवढाच केला होता.

आणि दार! शेवटच्या चित्रातलं दार तिनं निळंच रंगवलं होतं, कडीला सुतळी बांधलेलं. हात शाबूत होता तोवर कोंडीराम पहिल्या पाळीहून यायचा आणि चाळीच्या तोंडाशीच तोंडानं प्रेसचा आवाज काढायचा, धड्डाक्. तो ऐकला की दीक्षा हातातलं टाकून पळायची, त्याच्या हातातला डबा हिसकावून घ्यायची, कारण त्यात कॅन्टीनची एखादी बर्फी नाहीतर निदान शेवेची पुडी असायची. हे सगळं चित्रात होतं. चित्रात जे नव्हतं ते तिला आता, बस चिंचवडच्या पुलाखालून जाताना, एखाद्यानं मानगूट धरून दाखवावं तसं दिसत होतं. हात गेल्यावर तो पहिल्यांदा कामावरून परत आला तेव्हाही त्यानं चाळीच्या तोंडाशी धड्डाक् केलं होतं. ती उठली नव्हती. वहीत डोकं घालून बसून राहिली होती. डबा घ्यायचा म्हणजे तो हात हातात घ्यायचा, आणि तिला त्याची किळस आली होती, भीती नव्हे. भीती म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. दोन-चार दिवस त्यानं आवाज काढला, मग बंद केला. पुढं आठवीत तिला चित्रकलेचं बक्षीस मिळालं. शाळेत पालकांना बोलावलं होतं. कोंडीराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला, तिचं नाव पुकारल्यावर त्यानं टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांचा आवाज इतरांसारखा आला नाही. स्वरूपा नावाची मुलगी तिच्या शेजारी बसायची, तिनं मागं वळून बघितलं आणि विचारलं, "ते कोण गं?" दीक्षा म्हणाली, "शेजारचे काका आहेत." एवढंच. पुढं-मागं काही नाही. तो तीन रांगा मागं होता, त्याला ऐकू गेलं असेल की नाही हे तिला आजही माहीत नव्हतं. पण त्याच आठवड्यात त्यानं आईला सांगितलं, माझ्या पँटींचा उजवा खिसा खोल कर. आई शिवणकाम करते, तिनं सगळ्या पँटींचे खिसे उसवून कोपरापर्यंत हात जाईल असे केले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथं मूठच धड नव्हती, तरी झाकली गेली. तेव्हापासून तो हात घरातसुद्धा कुणाला दिसायचा नाही. जेवताना डाव्या हातानं जेवायचा. विहारात वंदनेला हात जोडायची वेळ आली की मागच्या भिंतीशी उभा राहायचा.

ऑफिसात दीक्षाचं कामही बटणांचंच होतं. मोठ्या मशीनना हल्ली पडदे असतात आणि त्या पडद्यांवरची बटणं कुठं असावीत, केवढी असावीत, कुठल्या रंगाची, ते ती ठरवायची. तिनं मशीनचं काम बाजूला सारलं आणि चित्रकथा उघडली. करायचं होतं ते थोडंसंच होतं. पाचर ओळखायची ती ओळ काढून टाकायची, हाताचं चित्र काढून टाकायचं, म्हणजे एक हात नुसता टेकवून दुसऱ्यानं दाबणाराही सरळ घरी पोचेल. तिनं ते केलंही. स्वतःच्या मोबाइलवर एक अंगठा तसाच ठेवून दुसऱ्यानं दाबत गेली आणि दार उघडलं. आता फक्त हा बदल इंटरनेटवर चढवायचा होता. तेवढ्यात मैत्री खुर्ची सरकवत आली. "बघितलंस का? कसल्या मोठ्या ग्रुपवर गेलंय तुझं! लोक वेडे झालेत त्या हातावर. हा बघ, हा म्हणतो, अशी रेषा मी मराठीत बघितली नाही." दीक्षानं बघितलं. खरंच तसं लिहिलं होतं. तो हात डोळ्यांपुढून जात नाही, असं कुणी लिहिलं होतं. हा हात कुणीतरी जवळून, फार प्रेमानं पाहिला असला पाहिजे, असं आणखी कुणी. तिनं ते वाक्य हौसेनं दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मधेच थांबली. जवळून पाहिला होता खरा. सुट्टीच्या दिवशी दुपारी कोंडीराम गॅलरीशेजारच्या कॉटवर झोपायचा तेव्हा झोपेत खिशातून हात बाहेर यायचा आणि गोधडीवर पालथा पडायचा. ती समोर बसून, मांडीवर चित्रं काढायची इलेक्ट्रॉनिक पाटी ठेवून, दुपारमागून दुपार तो चितारत गेली होती. कापलेल्या कडेची गुलाबी चकाकी, करंगळीचं आत वळलेलं नख, सगळं. आईनं विचारलं तर "ऑफिसचं काम आहे" म्हणायची. तो कूस बदलायला लागला की पाटी पालथी घालायची. लहानपणी जो हात डोळ्यांसमोर नको होता तो आता ती डोळे भरून बघत होती, आणि दोन्ही वेळा त्या हाताच्या मालकाला कुणी विचारलं नव्हतं. "काय गं, काय झालं?" मैत्रीनं विचारलं. "हे काढून टाकावं म्हणतेय. हाताचं." "वेडी आहेस का? तोच तर जीव आहे त्यातला! तो काढलास तर राहिलं काय? एक माणूस कामाला गेला आणि घरी आला?" मैत्री बिचारी खरं तेच बोलत होती. दीक्षानं पडद्याकडं बघितलं. बदल तयार होता, एक बटण दाबायचं होतं. संध्याकाळी करू, ती मनाशी म्हणाली. आज एवढी माणसं वाचतायत, आजचा दिवस राहू दे. पप्पांना काही ते जमणार नाही, पहिल्या चित्राच्या पुढं ते जाणारच नाहीत. असं स्वतःला समजावून तिनं ती खिडकी बंद केली, आणि दिवसभर दर थोड्या वेळानं नवीन कोणी काय लिहिलं ते बघत राहिली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नीला, तिची आई, शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती. चप्पल काढायच्या आतच ती म्हणाली, "आलीस? बघ जरा तुझ्या पप्पाकडं. सकाळपासून त्या मोबाइलला चिकटलेत. जेवायला हाक मारली तर थांब, थांब. लेकरावानी करायलेत." कोंडीराम कॉटवर बसला होता. समोर स्टूल, स्टुलावर घडी केलेला टॉवेल, टॉवेलवर मोबाइल. त्याचे दोन्ही हात मोबाइलवर होते. डावा अंगठा एका कोपऱ्यात आणि दुसऱ्या कोपऱ्यावर तो उजवा हात, पालथा, उघडा, भर उजेडात. जागेपणी तो हात असा उघड्यावर तिनं शाळेत असताना शेवटचा पाहिला होता. तिची चाहूल लागताच हात खिशात गेला. स्टुलावर मोबाइल थरथरून लाल झाला.

"येकच चित्र येतंय सारखं," तो म्हणाला. "आधी माणूस घरातून निघतो, येक-दोन ठोके पडतेत, की आलंच हे. मला वाटलं, आपलंच दाबायचं चुकायलं. मग दार वळखलं. आपलं भोसरीचं हाय. कडीला सुतळी. तू काढलंयस नव्हं?"

"हो," दीक्षा म्हणाली.

"हात बी तूच काढलास?"

"हो."

"हात तर मी कुणाला दावत न्हाई. कवा बघितलास?"

खोटं बोलायला तिला वाव होता. आठवणीतून काढला, म्हणता आलं असतं. इंटरनेटवरून घेतला, म्हणता आलं असतं. "तुम्ही झोपल्यावर," ती म्हणाली. शिलाई मशीन थांबलं होतं. कोंडीरामनं मान हलवली, जसं काही एखाद्या पाव्हण्याचा पत्ता समजला. रागावला असता, मोबाइल फेकला असता, निदान आईकडं बघून "ऐकलंस का?" म्हणाला असता, तर दीक्षाला जरा जागा मिळाली असती. "पप्पा, मी काढून टाकते ते. आत्ता काढते. मी दुपारीच काढणार होते," ती भरभर बोलू लागली, आणि 'दुपारीच काढणार होते' हे शब्द तोंडातून जाताना तिला स्वतःचीच शिसारी आली. "काढू नगं," तो म्हणाला. "आधी शेवट तर दाव. दौलतराव म्हनतो, माणूस घरी येतो. दिवसभर करायलोय, मला काही त्यो घरी येईना. बस इथं. तू तिकडचं बटण धर, मी इकडचं धरतो."

ती त्याच्या उजव्या बाजूला बसली. तिच्या मांडीला त्याचा खोल खिसा लागत होता आणि खिशातला हात तिला कापडातून कळत होता. "हं, दाब," कोंडीराम म्हणाला. दोघांचे अंगठे एकदम टेकले, ठोका पडला, मोबाइल थरथरला. "सोड." दोघांनी उचलले. "दाब. सोड." त्याच्या आवाजाला एक लय आली, फार जुनी, दीक्षानं कधी न ऐकलेली, कारण ती त्याच्याबरोबर शॉपमध्ये कधी नव्हती. पत्रे निघत गेले. घरातून निघायची चित्रं मागं पडली, शॉप आलं, डबा उघडला. "डबा बराबर काढलास," तो म्हणाला, "झाकन असंच चेपलेलं होतं." चहाच्या गाड्यावरची माणसं आली, तेव्हा त्यानं मान पुढं घालून त्यांत कुणी ओळखीचं दिसतंय का बघितलं. दीक्षाला तिची स्वतःची गोष्ट अशी कधी दिसली नव्हती. ऑफिसात बसून काढताना सगळं हुशारीनं काढलं होतं. इथं त्याच्या शेजारी एकेक चित्र पडत होतं तसं तिला वाटत होतं, हे कुणी विचारलं होतं तुला? शिफ्ट सुटली, बस आली. "दाब," तो म्हणाला, आणि निळं दार उघडलं. "हे धरून ठेवायचं," ती कशीबशी म्हणाली. "सोडलं की बंद होतं."

दोघांनी धरून ठेवलं. दारात माणूस उभा होता, उजव्या हातात डबा, हाताची पाचही बोटं डब्याच्या कडीभोवती. फ्रॉकातली पोरगी पळत बाहेर येत होती, तिचा एक पाय अजून उंबऱ्यात होता. नीला कात्री हातात घेऊनच उठून आली आणि दोघांच्या डोक्यांवरून वाकून बघू लागली. "अगं बाई, तो फ्रॉक मीच शिवला होता," ती म्हणाली. कोंडीराम मोबाइलवर आणखी वाकला. बसची वेळ विचारावी इतक्या साध्या आवाजात त्यानं विचारलं, "ह्याचा हात हाय, म्हणून पोरगी पळत आली, व्हय?"

टोमणा नव्हता. टोमणा मारायची त्याला सवयच नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि हे तो बहुधा आजचं विचारत नव्हता. चाळीच्या तोंडाशी आवाज काढून थांबला होता, तेव्हापासूनचं विचारत होता. नाही म्हण, दीक्षा स्वतःला सांगत होती, नाही पप्पा, तसं नाही, एवढं तरी म्हण. पण ते म्हटलं तर आणखी एक खोटं झालं असतं, आणि हो म्हणायला तिची जीभ उचलेना. शेजारचे काका. त्याला ऐकू गेलं होतं. आता तिला त्यात शंका राहिली नव्हती. खाली चाकणकडं जाणाऱ्या कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. कोंडीरामनं उत्तराची गरज नसल्यासारखा आपला अंगठा उचलला आणि त्या अंगठ्यानं पडद्यावरच्या पोरीवरची धूळ पुसल्यासारखं केलं.

दीक्षाचा अंगठा तिथंच होता. तिला तो आठवलाच नाही. तिनंच शिकवलेल्या बेतानं मोबाइलनं वाट बघितली, आणि मग तो टॉवेलवर उडाला, दार मिटलं, पडदा लाल झाला. हात आला. बटणात पाचर आढळली. चूक ऑपरेटरची. आई मागं "हे काय झालं?" म्हणत होती. दीक्षा त्या वाक्याकडं बघत राहिली आणि तिचा अंगठा बटणावर तसाच दाबलेला राहिला, नख पांढरं पडेपर्यंत.

खिशातून हात बाहेर आला. आखडलेल्या दोन बोटांनी कोंडीरामनं तिचा अंगठा धरला, ती बोटं गरम आणि खरखरीत होती, आणि तो तिचा अंगठा हळूहळू वर उचलू लागला.

"सोड, दीक्षे," तो म्हणाला. "परत पहिल्यापासून दाबू."